उसाच्या धुऱ्यावर चार तंबू
(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर दर अंकात बेणे, खोडवा, पाचट आणि हुमणी वाचून आपण कंटाळला असाल. (हुमणीला मात्र कंटाळा ठाऊक नाही.) म्हणून या वेळी विषय थोडा निराळा घेतला आहे. गेल्या दोन-तीन हंगामांत आपल्या सात-आठ सभासदांच्या मुलांनी मला कधी फडावर, कधी गट कार्यालयात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. "साहेब, आपल्या वावरात तंबू टाकले, शहरातले लोक मुक्कामाला आणले, तर जमंल का?" एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा इथे लिहिलेले बरे, असे वाटले.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो, नाहीतर उद्या सकाळी गट कार्यालयापुढे रांग लागेल. ही कारखान्याची योजना नाही. अनुदान नाही, बिनव्याजी उचल नाही, फॉर्म नाही. मी पाहिले, ऐकले आणि स्वतः चुकलो, तेवढेच लिहीत आहे.

मुळात पाहुणा आपल्या मुलखाला नवा नाही. शेगावची श्री गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाताना सेनगाव, नर्सी नामदेव, औंढा नागनाथ, जवळा बाजार या वाटेनेच जाते. शेकडो वारकरी येतात, उतरतात, जेवतात, पहाटे निघून जातात. कुणाच्या घरचे पिठले, कुणाच्या भाकरी, कुणाचे ताक, हे गावाने आपसात ठरवलेले असते. हिंगोली शहर तर छावणीवरच वाढले. निजामाच्या काळातल्या कंटिंजंट फौजेची इथे छावणी होती, म्हणून आजही पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही मोहल्ल्यांची नावे आपण बोलतो. आणि हुरडा? जानेवारीत नांदेडचा साडू, परभणीचे व्याही, मुलाच्या कॉलेजातले मास्तर, सगळ्यांना आपण आखाड्यावर बोलावतोच. फरक एवढाच की आजवर आपण त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत आणि त्यांना रात्री ठेवून घेतले नाही.

हे दोन्ही करणारे लोक महाराष्ट्रात आहेत, ते पाहू.

नेरळला (जि. रायगड) चंद्रशेखर भडसावळे यांनी १९८० च्या दशकातच आपल्या सगुणा बागेत शहरी पाहुणे आणायला सुरुवात केली. भाताच्या नव्या पद्धतीसाठीही त्यांचे नाव आहे, म्हणजे माणूस आधी शेतकरी. बारामतीकडे पांडुरंग तावरे यांनी २००५ साली कृषी पर्यटनाची संस्था काढली आणि पळशीवाडीला नमुना केंद्र उभे केले. ती दोन्ही ठिकाणे मोठी, पसारा मोठा. आपल्या चार-सहा एकरवाल्या सभासदाने तिथे जाऊन भारावून यावे, पण तिथले मोजमाप घरी आणू नये.

आपल्या कामाचे उदाहरण मला पुरुषवाडीचे वाटते. अकोले तालुक्यातले (जि. अहिल्यानगर) हे डोंगरातले आदिवासी गाव. ऊस नाही, कालवा नाही. तिथे २००६ च्या सुमारास ग्रासरूट्स नावाच्या संस्थेच्या मदतीने गावाने पाहुणे घ्यायला सुरुवात केली. काही पाहुणे घरांत राहतात, काही तंबूत. जेवण मात्र गावातल्या घरांतच, आणि कोणाच्या घरी किती पाने हे पाळीने ठरते. आज यांच्याकडे, पुढच्या खेपेला त्यांच्याकडे. वाट दाखवणारे गावचेच, भाकरी थापणाऱ्या गावच्याच. पावसाळ्याच्या तोंडावर तिथे काजव्यांनी झाडे लखलखतात, ते पाहायला मुंबईचे लोक येतात. कालव्याच्या पाण्याचे पाळीपत्रक आपण पिढ्यान् पिढ्या वाचतो. पाहुण्याचेही पाळीपत्रक करता येते, हे त्या गावाने दाखवले.

त्याच डोंगरात, भंडारदऱ्याच्या बाजूला, याची दुसरी बाजूही दिसते. काजवे पाहायला एका रात्रीत इतक्या मोटारी येऊ लागल्या की दिव्यांच्या झोतात काजवाच दिसेना. मावळात पवना धरणाच्या काठी तंबूंच्या ओळीच्या ओळी लागल्या, आणि रात्रीच्या गाण्या-बजावण्याच्या तक्रारी गावकऱ्यांना कराव्या लागल्या. शांतता विकायला काढली आणि गिऱ्हाइकांनीच ती संपवली.

शांततेचा विषय निघाला म्हणून सांगतो. औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो नावाची वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू काटकोनात, आणि त्यांतून आकाशातल्या फार दूरच्या धडकांचे हादरे मोजायचे. अशा दोन वेधशाळा अमेरिकेत आहेत. तिथे १४ सप्टेंबर २०१५ रोजी असा हादरा पहिल्यांदा पकडला गेला. हे यंत्र इतके नाजूक की त्याला जवळपास गडबड चालत नाही. रेल्वे, कारखाने, मोठी शहरे यांपासून दूरची जागा लागते. आपण ज्याला "इथं काय हाय, नुसतं माळरान" म्हणतो, ते माळरान कुणीतरी देशभर हिंडून, पारखून घेतले आहे. (मार्च आणि जुलै २०२४ मध्ये आपल्याला भूकंपाचे धक्के बसले हेही खरे. तंबूच्या बाजूचा तो एक मुद्दा. अंगावर पडला तरी कापड आहे.)

आता आपल्याकडची हकीगत.

औंढा ते सिद्धेश्वर धरण या पट्ट्यात आपले एक सभासद आहेत. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. चार एकर ऊस, दोन एकर हळद, आणि वरच्या अंगाला दीड एकर बरड. त्या बरडावर दोन थोर लिंब, एक चिंच आणि जुना आखाडा. धाकटा मुलगा पुण्याला हॉटेलात कामाला होता. २०२० च्या टाळेबंदीत तो परत आला आणि इथेच राहिला. हॉटेलातले काम त्याला येते, माणसाशी बोलणे येते. २०२२ च्या दिवाळीनंतर त्याने चार तंबू आणले. बाप म्हणाला, "कर बापा, पण माझ्या उसाचा एक सरी कमी झाला नाई पाहिजे." ही अट त्या घराच्या फार उपयोगी पडली. इटलीत १९८५ साली शेतावरच्या पाहुणचाराचा कायदा झाला, त्यातही हेच सूत्र आहे : शेती मुख्य राहिली पाहिजे, पाहुणा दुय्यम. इंग्लंडात शेतावर चाकांच्या घरगाड्या उतरवू देतात, त्या छोट्या तळांना एका वेळी पाचाचीच मर्यादा आहे. आपल्या सभासदाने ना इटलीचा कायदा वाचला ना इंग्लंडचा. त्याला ऊस मोडायचा नव्हता एवढेच.

मुलगा माझ्याकडे आला तो संडासाचे विचारायला. इथे माझी चूक झाली, ती नीट सांगतो.

दोन खड्ड्यांचा संडास आपल्या सगळ्यांना माहीत आहे. एक खड्डा चालू ठेवायचा, भरला की मधल्या चेंबरमधून पाणी दुसऱ्याकडे वळवायचे, आणि पहिला निदान वर्ष-दीड वर्ष झाकून ठेवायचा. उघडला की काळे, बिनवासाचे खत. त्याला मैला ओढणारी गाडी लागत नाही, आणि ती गाडी रात्री कुठल्या नाल्यात रिकामी होते हा प्रश्नही येत नाही. मी डिप्लोमाला शिकलो होतो, तेव्हा ऐटीत कागदावर आकृती काढून दिली. जागा दाखवली आखाड्यामागची, कारण तिथून पाण्याचा पाइप जवळ. ती जागा काळ्या जमिनीची. वर भेग, खाली चिकण. हिवाळाभर काही झाले नाही. पण ऑगस्टमध्ये झड लागली तेव्हा खड्ड्यातले पाणी खाली जाईना. उलट जमिनीतलेच पाणी खड्ड्यात उतरू लागले आणि भांड्यापर्यंत आले. तेव्हा पाहुणे नव्हते, पण घरची माणसे होती. सभासदाच्या मालकिणीने मला उभे राहून ऐकवले. मी ऐकून घेतले.

पुढे वाचनात आले की असे घडणारा मी पहिला नव्हे. डॉ. मापुसकर १९५९ साली देहूला दवाखान्यात गेले. गावात रोगराई पाहून त्यांनी संडास बांधून घेतले, ते पहिल्याच पावसाळ्यात ढासळले आणि लोक त्यांच्यावरच उलटले. मग त्यांनी कोकणातल्या अप्पा पटवर्धनांच्या कामाचा धागा धरला, जमीन पाहून नमुना बदलला, आणि पुढे आयुष्यभर तेच काम केले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. अप्पांचा गोपुरी संडास कणकवलीच्या आश्रमातला. या दोघांचे काम वाचल्यावर मला एवढे कळले, की आकृती कागदावर काढण्याआधी पहारीने जमीन विचारावी लागते.

आम्ही खड्डे हलवून बरडावर नेले. वीतभर मातीखाली मुरूम. जाळीचे वीटकाम, तळ उघडा, विहिरीपासून पन्नास फुटांच्या पुढे आणि विहिरीच्या उताराला. पावसाळ्यात विहिरीचे पाणी जितके वर येते, त्या पातळीच्या निदान सहा फूट वर खड्ड्याचा तळ राहिला पाहिजे. ज्याच्याकडे नुसती खोल काळीच जमीन आहे त्याने खड्डे उथळ पण रुंद करावेत, भोवती वाळूचा थर द्यावा, आणि जमल्यास जोते उंच घ्यावे. भांडे तीव्र उताराचे, म्हणजे तांब्या-दोन तांब्यांत काम होते. अंघोळीच्या आणि भांड्याच्या पाण्याला वेगळा शोषखड्डा. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे घेऊन डास घालवले, हे आपल्यापैकी काहींनी पाहिलेही असेल. चार फूट लांब, चार रुंद, चार खोल, मधोमध भोकांची टाकी, भोवती दगड. गिलावा नाही, सिमेंटचा कोबा नाही. त्याच्या कडेला केळी आणि कर्दळ लावा.

संडासावर इतके लिहिले म्हणून काही वाचक नाक मुरडतील. तंबू कुठलाही चालतो. चार बांबू आणि ताडपत्री घेतली तरी रात्र निघते. पाहुणा परत येतो की नाही, आणि आपली विहीर पिण्यालायक राहते की नाही, हे संडासावर ठरते.

टोळीची गोष्ट

आता हा लेख मी ज्यासाठी लिहायला घेतला, तिथे येतो.

आपल्याकडे तंबूचा हंगाम म्हणजे नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. मार्चपासून ऊन तंबूत बसू देत नाही आणि पावसाळ्यात काळी माती पाय उचलू देत नाही. म्हणजे नेमका आपल्या गाळपाचा हंगाम. डिसेंबर २०२३ मध्ये या सभासदाच्या उसाला तोड लागली, ती अशी की टोळी उतरली शुक्रवारी आणि शनिवारी तंबू चारही भरलेले. मुलगा माझ्याकडे धावत आला. "साहेब, चार दिवस तोड पुढं ढकला." मी म्हणालो, नोंदीच्या तारखेप्रमाणे तोड, तुझ्या पाहुण्यांसाठी क्रमपाळी मोडली तर उद्या मला गावात कोणी उभे करणार नाही. तो गप्प गेला.

टोळी बारा कोयत्यांची, म्हणजे चोवीस माणसे आणि लेकरे. त्यांनी बरडाच्या दुसऱ्या टोकाला कोप्या टाकल्या. वाढ्याच्या आणि चटईच्या कोप्या आपण इतक्या वर्षांपासून पाहतो की त्या दिसेनाशा झाल्या आहेत. पण त्या रात्री एकाच बरडावर दोन तळ होते. या टोकाला चार तंबू, सौर कंदील, हात धुवायला साबण. त्या टोकाला बारा कोप्या, आणि काहीच नाही.

पहाटे साडेतीनला टोळीतल्या बाया अंधारातून पाहुण्यांच्या संडासाकडे आल्या. मुलाला जाग आली. त्याने हलक्या आवाजात का होईना पण त्यांना परत फिरवले. पाहुण्यांनी पैसे दिले आहेत, त्यांची गैरसोय होईल, हे त्याचे म्हणणे. त्यात त्याचे अगदीच चुकले असे मला म्हणता येणार नाही. त्याचा धंदा होता. आई आखाड्यातून बाहेर आली. ती काय बोलली ते त्याने मला स्वतः सांगितले, आणि छापायला हरकत नाही म्हणाला.

"ह्या माझा ऊस तोडायला आल्या अन् ते माझा हुरडा खायला आले. दोघं बी माझ्याच वावरात उतरले. संडास काय पाहुण्याच्या बापाचा हाय का?"

तिने कंदील उचलून बायांना दाराशी नेले आणि पाण्याची टाकी भरून ठेवली. सकाळी रांग लागली. एका कुटुंबाने नाराजी दाखवली आणि जाताना दोनशे रुपये कमी दिले. बाकीच्यांनी काही म्हटले नाही.

हे ऐकल्यावर मी गाडीवर बसून हिशेब केला. तंबूवाल्या पाहुण्यांच्या हंगामात सोळा रात्री धरल्या आणि रात्रीला सरासरी चार माणसे, तर चौसष्ट माणूस-रात्री. टोळी त्या चार एकरांसाठी दहा दिवस राहिली. चोवीस गुणिले दहा, दोनशे चाळीस. म्हणजे आपण जो संडास पाहुण्यांसाठी बांधला म्हणतो, त्याची खरी गरज असलेली माणसे चौपट आहेत, आणि ती दरवर्षी न बोलावता येतात. आम्ही ऊस विकास विभागवाले टोळीसाठी रस्ता, पाणी, वाढ्याचा भाव, गाडीचा टायर, सगळे पाहतो. फडावरच्या बाई पहाटे तीनला का उठतात, हे मी वीस वर्षांच्या नोकरीत विचारले नव्हते. आपल्याच सेनगाव-कळमनुरीकडच्या तांड्यांवरची माणसे कोयता घेऊन बाहेर जातात, तिकडे त्यांनाही असेच अंधार शोधावे लागत असेल.

पुढच्या महिन्यात त्या सभासदाने कोप्यांच्या जागेजवळ आणखी दोन संडास बांधले. मुरमात खड्डे, वर जुन्या पत्र्याचा आडोसा, आतून कडी. खर्च त्याने केला. थोडी विटांची मदत शेजारच्या दोन सभासदांनी दिली, कारण टोळी त्यांचाही ऊस तोडते. पुढच्या हंगामात मुकादम त्या गटात स्वतः विचारून आला. टोळ्यांची ओढाताण किती आहे ते आपण जाणता, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो.

हिशेब

आता पैशाचे. मी आकडे 'समजा' म्हणून मांडतो, आपण आपल्या घरचे घाला.

समजा, दोन वेळचे जेवण, हुरडा आणि मुक्काम मिळून माणशी १२०० रुपये. चार तंबू, आठ माणसांची जागा. पण दर शनिवारी आठ येत नाहीत, चार धरा. आले ४८००. शिधा माणशी ३५० प्रमाणे १४००. मदतीच्या दोघांची मजुरी ८००. झाडलोट, दिवे, सरपण ३००. उरले २३००. हंगामाच्या सोळा रात्री धरल्या तर ३६,८००. तंबू, गाद्या, संडास, टाकी यांना समजा दीड लाख लागले, तर ते फिटायला चार हंगाम. आणि तंबूचे कापड आपल्या उन्हात चार वर्षे टिकेल याची हमी दुकानदारही देत नाही. म्हणून हंगाम संपला की कापड धुऊन, वाळवून, उंदीर लागणार नाही असे ठेवा.

शेजारी उसाचा आकडा ठेवा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये ठरवले. एकरी चाळीस टन काढणाऱ्याचे तोडणी-वाहतूक वजा जाण्याआधी एक लाख बेचाळीस हजार होतात. तेव्हा तंबू उसाची जागा घेऊ शकत नाहीत. त्यातून मुलाचा मोटारसायकलचा हप्ता निघेल, घरच्या बाईच्या हातात आठवड्याला रोख येईल, हळद पुडीने विकली जाईल. एवढेच, आणि एवढे कमी नाही. (रोख त्याच दिवशी मिळते, चौदा दिवसांनी नाही. याबद्दल या पानावर अधिक न लिहिणे बरे.) सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज काढून सिमेंटच्या खोल्या, पोहण्याचा हौद, कारंजे असले काही बांधू नका. टँकरवर हौद भरणारा ऊस उत्पादक पाहायची माझी इच्छा नाही.

त्या घरातली सगळ्यांत चांगली मिळकत हळदीची झाली. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पाहुण्यांनी नाव ऐकलेले असते, पण हळद शिजताना पाहिलेली नसते. कुकरची वाफ, वाळवण, पॉलिशचा ड्रम हे पाहिले की किलो-दोन किलो घेतल्याशिवाय कोणी हलत नाही.

हुरड्यासाठी वीस गुंठे पुरतात. सगळी ज्वारी एकदम पेरू नये. दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीन तुकडे पेरावेत, म्हणजे कोवळी कणसे महिनाभर मिळतात. गूळभेंडी चालतेच. परभणीच्या आपल्या विद्यापीठाची खास हुरड्याची परभणी वसंत आहे, तीही लावून पाहावी.

काही धोके, जे शहरातल्या माणसाला माहीत नसतात

रानडुकरासाठी धुऱ्यावरच्या तारेत करंट सोडणारे लोक अजून आहेत. हे बेकायदेशीर आहे हे सांगून झाले. आता पाहुण्याचे लेकरू पहाटे उठून धुऱ्याने चालेल, याचा विचार करा. आपली तार काढलीच पाहिजे, आणि शेजाऱ्याच्या घरी जाऊन त्याचीही काढायला लावली पाहिजे. तो तयार नसेल तर तंबू टाकू नका.

साप. उसात उंदीर, उंदरामागे साप. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येतो आणि त्याचा दंश कित्येकदा कळतही नाही. म्हणून तळ शिवलेला आणि चेनने पूर्ण बंद होणारा तंबू, किंवा बाज आणि मच्छरदाणी. खरकटे रात्रीच उचला. जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे हे आधी जाऊन पाहून या, आणि १०८ चा नंबर आखाड्याच्या भिंतीवर खडूने मोठा लिहा.

आगटी. हुरडा भाजायला गोवऱ्या लागतातच, पण डिसेंबरातला ऊस आणि खाली पाचट. आगटी फडापासून लांब, वाऱ्याची दिशा पाहून, खड्ड्यात. शेजारी पाण्याचा ड्रम. झोपण्याआधी पाणी मारायचे. जळीत उसाची कपात पाहुणा भरून देणार नाही.

भोंगा नाही. रात्री दहानंतर कायद्यानेच बंदी आहे, पण मी म्हणतो दिवसाही नको. पत्रावळी पळसाच्या. पाण्याच्या बाटल्या आणल्या तर परत नेऊ द्या; राज्यात २०१८ पासून प्लास्टिकवर निर्बंध आहेत. बादलीभर पाण्यात अंघोळ, हे येण्याआधीच फोनवर सांगावे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, एवढे सांगितले की शहरातला माणूस समजतो.

आणि जे आपल्याकडे नाही त्याची जाहिरात करू नये. इथे पुरुषवाडीचे काजवे नाहीत, धबधबा नाही. इथे हिवाळ्यातले निरभ्र आकाश आहे, सिद्धेश्वर आणि येलदरीच्या पाण्यावर हिवाळी बदके आणि चक्रवाक उतरतात, औंढ्याचे ज्योतिर्लिंग, संत नामदेवांची नर्सी आणि शिरड शहापूरचे मल्लिनाथाचे जैन मंदिर आहे. धरणाच्या काठची जागा आपली नव्हे, पाटबंधारे खात्याची आहे. तिथे परस्पर तंबू ठोकू नये.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. निदान एक एकर शेती असलेला शेतकरी त्यात नोंद करू शकतो, आणि कृषी सहकारी संस्थाही करू शकतात. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे. आपल्याला छत्रपती संभाजीनगरचे विभागीय कार्यालय. सातबारा बरोबर ठेवावा. ग्रामपंचायतीला लेखी कळवावे आणि मुक्कामाच्या पाहुण्याचे नाव-पत्ता वहीत लिहावे.

पाच-सहा सभासदांनी मिळून, पुरुषवाडीसारखी पाळी लावून हे करायचे म्हटले, तर मी बैठकीला यायला तयार आहे. एकाने तंबू ठेवावेत, दुसऱ्याने जेवण, तिसऱ्याने बैलगाडी. पण बैठकीच्या वहीत पहिले नाव टोळीच्या संडासाच्या जागेचे लिहिले जाईल. दोन खड्ड्यांच्या संडासाची सुधारलेली आकृती प्रत्येक गट कार्यालयात लावली आहे. विचारायला येताना जिथे खड्डा घ्यायचा आहे तिथली सहा फुटांखालची माती किंवा मुरूम, जे निघेल ते, पिशवीत भरून आणावे. नुसत्या सांगण्यावरून जागा दाखवायची मी आता सोडली आहे. आणि या हंगामात टोळी आपल्या शेतात कुठे उतरणार आहे, ती जागा चिटबॉयकडे आधी सांगून ठेवावी.